प्रशिक्षकाचा पासपोर्ट आजच परत करा

प्रश्न : आमचा फुटबॉल क्लब वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातला, सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेला. गेल्या वर्षी एका एजंटामार्फत सर्बियाचा प्रशिक्षक दोन वर्षांच्या करारावर आणला, महिना २,००० युरो. आठ महिने झाले, संघ तळाला आहे आणि प्रायोजकाने हात काढून घेतला. दोन महिन्यांचा पगार थकला आहे. सहा दिवसांपूर्वी त्याचा ईमेल आला : पंधरा दिवसांत पैसे द्या, नाहीतर करार संपवून फिफाकडे जाईन. कार्यकारिणीत तीन मतं आहेत. निकाल वाईट म्हणून काढून टाकावं. पगार निम्मा करावा. नाहीतर ‘व्हिसा किंवा परवाना न मिळाल्यास करार रद्द’ हे कलम लावावं. आम्ही हौशी क्लब, आम्हाला फिफा लागू होतं का? नोंदणीसाठी घेतलेला त्याचा पासपोर्ट क्लबच्या कपाटात आहे. मैदानाकडेची जागा विकून पैसे उभे करावेत का?
— एक सचिव, वडोदरा

उत्तर : सचिवसाहेब, आधी ते कपाट उघडा आणि पासपोर्ट आजच त्याच्या हातात द्या. तारखेसह पोच घ्या. पासपोर्ट अडकवून ठेवण्याचा अधिकार १९६७च्या पासपोर्ट कायद्याने पासपोर्ट अधिकाऱ्याला दिला आहे. सुरेश नंदा प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, पोलिसांना तो ताब्यात घेता येतो, पण अडकवून ठेवता येत नाही. खासगी क्लबला तर यातलं काहीच करता येत नाही. आपली भाषा न येणाऱ्या एका माणसाचा पगार आणि घरी परतायचा कागद, दोन्ही आपण धरून बसलो आहोत, हे वाचून मला फार वाईट वाटलं. ‘सही कर, नाहीतर व्हिसा रद्द करवतो’ असं कुणी त्याला बोललं असेल, तर ते बोलणंही आजच थांबवा. व्हिसा सरकार देतं. नोकरी संपली तर तसं परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला कळवणं एवढंच क्लबचं काम.

आता पैसे. प्रशिक्षकांच्या करारांसाठी फिफाचे वेगळे नियम १ जानेवारी २०२१ पासून लागू आहेत. दोन महिन्यांचा पगार थकला, प्रशिक्षकाने लेखी कळवून किमान पंधरा दिवस दिले आणि तरी पैसे आले नाहीत, तर त्याला रास्त कारणाने करार मोडता येतो. तुमच्या हातात नऊ दिवस आहेत. या नऊ दिवसांत ४,००० युरो त्याच्या खात्यात गेले, तर हे कारण उरत नाही. नाही गेले, तर उरलेल्या सोळा महिन्यांचे ३२,००० आणि थकलेले ४,००० असा ३६,००० युरोंचा दावा उभा राहू शकतो. त्याला दुसरीकडे काम मिळालं तर तिथली कमाई भरपाईतून वजा होते. पण करार थकबाकीमुळे मुदतीआधी मोडला असेल, तर वर तीन महिन्यांच्या पगाराची भर पडते. म्हणून सभासदांकडून, विश्वस्तांकडून, उसने आणून, जमेल तसे हे ४,००० आधी भरा. पगार भारतात केलेल्या कामाचा आहे, तेव्हा टीडीएस कापूनच द्या. करारात रक्कम ‘निव्वळ’ लिहिली असेल, तर कराचा भार क्लबवर येतो, तेही तपासून घ्या.

कार्यकारिणीच्या तीन मतांपैकी एकही मला मान्य नाही.

निकाल वाईट लागणं हे करार मोडायचं रास्त कारण नव्हे. भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांना अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने जून २०२४ मध्ये काढलं, तेव्हा त्यांचा करार २०२६ पर्यंत होता. प्रकरण मिटवायला ४ लाख डॉलर मोजावे लागले. महासंघाची ही गत, तर जिल्ह्यातल्या न्यासाला ते कसं झेपेल?

व्हिसा-परवान्याच्या कलमावर विसंबू नका. कामाचा किंवा राहण्याचा परवाना, प्रशिक्षकाचं लायसन्स अशा अटींवर कराराची वैधता टांगता येत नाही, असं त्याच नियमांत स्पष्ट लिहिलं आहे. त्या गोष्टी सही करण्याआधी क्लबने बघायच्या असतात.

पगार त्याच्या संमतीशिवाय निम्मा करणं हाच करारभंग. शिवाय एम्प्लॉयमेंट व्हिसासाठी वर्षाला १६.२५ लाख रुपयांची किमान पगाराची अट आहे. महिना १,००० युरो केलात तर तुम्ही त्याखाली जाल आणि व्हिसाचा नवा प्रश्न ओढवून घ्याल.

‘आम्ही हौशी’ हा मुद्दा मात्र नीट तपासण्यासारखा आहे. हे नियम व्यावसायिक क्लबना लागू होतात, पण निव्वळ हौशी नसलेला प्रत्येक क्लब त्यात येतो. लेखी करार असलेल्या आणि खर्चापेक्षा जास्त पैसे घेणाऱ्या खेळाडूला फिफा व्यावसायिक मानतं. तुमच्याकडे असा एखादा मुलगा नोंदलेला असेल, तर न्यासाची नोंदणी दाखवून सुटका नाही. तसा कुणीच नसेल, तर फिफाच्या अधिकाराला हरकत घेता येईल. पण पगाराचं देणं तरीही उरतंच, ते तो इथल्या दिवाणी कोर्टात मागेल.

फिफाचा निकाल विरुद्ध गेला आणि ४५ दिवसांत पैसे भरले नाहीत, तर पैसे भरेपर्यंत नव्या खेळाडूंच्या नोंदणीवर बंदी येते, सलग तीन नोंदणी-कालखंडांपर्यंत, म्हणजे खेळाडू नोंदवायच्या ठरलेल्या तीन मुदतींपर्यंत. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. पोलो ग्राउंडवर सकाळी सहाला येणाऱ्या मुलांचा यात काय दोष?

थकबाकी भरून झाली की त्याच्याशी समोरासमोर बसा. तळाच्या संघात सोळा महिने काढायची त्यालाही हौस नसेल. एम्प्लॉयमेंट व्हिसा तुमच्या क्लबशी बांधलेला असल्याने भारतातला दुसरा क्लब त्याला सहज मिळणार नाही. मायदेशी नवा हंगाम सुरू होण्याआधी मोकळं होणं त्याच्याही सोयीचं. तीन-चार महिन्यांचा पगार आणि परतीचं तिकीट इथून बोलणी सुरू करा. ठरेल ते इंग्रजीत लिहा : रक्कम, तारीख, ‘यापुढे कोणाचं कोणाकडे देणं नाही’, दोघांच्या सह्या. हे व्हॉट्सॲपवर ठरवू नका. कार्यकारिणीचा ठरावही सभा घेऊन, इतिवृत्तात नोंदवून करा.

परदेशी प्रशिक्षक आणायला माझा मुळीच विरोध नाही. चांगला माणूस आला तर त्याच्या हाताखाली आपले दोन-तीन स्थानिक प्रशिक्षक तयार होतात, आणि ते शिकवणं करारातच लिहून घ्यायला हवं. पुढच्या वेळी करार एका हंगामाचा करा. मुदतीआधी मोडल्यास कोणी किती द्यायचे, तो आकडाही दोन्ही बाजूंसाठी आधीच लिहून ठेवा. फिफाचे नियम त्याला वाव देतात.

जागेचं म्हणाल, तर धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय न्यासाची स्थावर मिळकत विकता येत नाही. गुजरात सार्वजनिक न्यास कायद्याचं कलम ३६ वाचा. ती परवानगी नऊ दिवसांत मिळणार नाही, आणि माझं ऐकाल तर मागूही नका. करार आणि त्याचा ईमेल घेऊन उद्याच वकिलाकडे जा.