नॉकआउट उंदरांवर काम सुरू करण्यापूर्वी

जनुक निकामी केलेल्या, म्हणजेच नॉकआउट उंदरांवर तुम्ही काम सुरू करणार असाल, तर पहिला प्रयोग आखण्यापूर्वी त्यांची वंशपरंपरा नीट तपासा, असे मी आग्रहाने सांगेन. प्रयोगशाळांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या उंदरांच्या सी५७बीएल/६ या वंशाचे ‘जे’ आणि ‘एन’ हे उपवंश अनेकांना एकच वाटतात. प्रत्यक्षात ‘जे’मध्ये एनएनटी हे जनुक सदोष असते, तर ‘एन’मध्ये सीआरबी१ जनुकातील आरडी८ हा बदल दृष्टिपटलावर परिणाम करतो. त्यामुळे नॉकआउट उंदीर एका उपवंशाचे आणि तुलनेसाठी मागवलेले सामान्य उंदीर दुसऱ्या उपवंशाचे असतील, तर दिसलेला फरक तुम्ही निकामी केलेल्या जनुकामुळे आहे की उपवंशाच्या जनुकीय पार्श्वभूमीमुळे, हे कोणत्याही संख्याशास्त्राने ठरवता येणार नाही. तुलनेसाठी शक्यतो त्याच वेतातील भावंडे घ्या.

क्रे-लॉक्स पद्धत (क्रे हे विकर, म्हणजे एन्झाइम, लॉक्स या खुणांमधला डीएनए कापून ठरावीक पेशींतच जनुक निकामी करते) वापरत असाल, तर लॉक्स खुणा नसलेला, केवळ क्रे असलेला गटही ठेवा, कारण हे विकर स्वतःच काही पेशींना अपाय करू शकते. हा गट वगळलेला प्रयोग मला अपुरा वाटतो. प्रत्येक उंदराची पीसीआर तपासणी (डीएनएच्या ठरावीक भागाच्या प्रती वाढवून जनुकाची स्थिती ओळखणारी चाचणी) प्रयोगानंतर पुन्हा करा.

रसेल आणि बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ साली प्राण्यांची संख्या कमी करण्याचे तत्त्व मांडले, पण त्याचा अर्थ अपुरे उंदीर घेणे असा नाही, कारण निष्कर्षच न निघणाऱ्या प्रयोगात प्रत्येक जीव वाया जातो. दोन विषमयुग्मजी (जनुकाची एक प्रत चांगली आणि एक निकामी असलेल्या) उंदरांच्या संकरातून सरासरी एक चतुर्थांश पिल्लेच पूर्ण नॉकआउट निघतात, आणि ते जनुक गर्भवाढीसाठी आवश्यक असेल तर त्याहूनही कमी. म्हणून पैदाशीचा हिशेब आधीच मांडा.