सोर्सिंग एजंट नेमके पैसे कसे घेतात? ५ टक्के मागणारा बरा की ‘फी नाही’ म्हणणारा?

तुम्ही पहिल्यांदाच परदेशातून माल मागवताय. तिथे तुमच्यासाठी कारखाना शोधून माल घेऊन देणाऱ्या दोन सोर्सिंग एजंटांशी बोलणं झालंय. एक ऑर्डरच्या ५ टक्के मागतो, दुसरा म्हणतो माझी फी नाही, कारखान्याचा भाव तोच तुमचा भाव. यातला स्वस्त कोण, असं तुम्ही विचारलंय.

एवढ्या माहितीवरून ते ठरवता येणार नाही. एजंट तुमच्याकडून किती घेतो हे तो सांगतोच. तो आणखी कुठून घेतो, हे विचारावं लागतं.

मी बॅगा बनवते. बकल, झिप, हुक असा बारीकसारीक माल चीनमधून मागवते. माझ्या पहिल्या एजंटाने ३ टक्के सांगितले होते आणि मला ते फारच कमी वाटले. यीवूच्या घाऊक बाजारातून ४०,००० बकल घेतली. बिल आलं नगाला २० सेंट, म्हणजे ८,००० डॉलर, त्यावर ३ टक्क्यांचे २४० डॉलर. माल आला, खोकी उघडली, आणि एका खोक्यात वरच्या पिशवीखाली गुलाबी रंगाची कार्बन कॉपी सापडली. तिथले गाळेवाले ऑर्डर हाताने लिहून घेतात, त्या पुस्तकातलं पान. चिनी मला वाचता येत नाही, पण आकडे येतात. मालाचा नंबर, खोक्यात किती नग, एकूण ४०,०००, भाव १.३० युआन.

त्या दिवसांत डॉलरला साधारण ७.१ युआन होते. त्या दराने एक बकल १८ सेंटांच्या थोडं वर जातं, २० ला नाही. मी बराच वेळ कागदाकडे बघत बसले. मग १.३० ला ०.२० ने भागून पाहिलं. उत्तर बरोब्बर ६.५, म्हणजे त्याने डॉलरला ७.१ ऐवजी ६.५ युआनच धरले होते. त्याने युआनचा भाव खरा धरला होता, टक्केही खरे सांगितले होते. पैसे काढले होते ते चलनाच्या दरात. बाजारदराने माल ७,३२४ डॉलरचा होता, म्हणजे ६७६ डॉलर दरातून आणि २४० कमिशनचे. ३ टक्क्यांचे साडेबारा टक्के झाले.

मला रकमेचं तेवढं वाईट वाटलं नाही. गाळे फिरून नमुने पाठवणं, वेगवेगळ्या ठिकाणचा माल एका गोदामात गोळा करून मोजणं, एवढ्या लहान ऑर्डरला त्याचे साडेबारा टक्के होऊ शकतात. वाईट याचं वाटलं की पुढच्या ऑर्डरला मी त्याच्याशी ३ चे अडीच करा म्हणून घासाघीस केली असती आणि खरा पैसा जिथून जात होता तिकडे माझं लक्षही गेलं नसतं.

तेव्हापासून मी भाव नेहमी कारखान्याच्या चलनात मागते आणि कोणत्या दिवसाचा, कुठला दर लावणार ते आधी लिहून घेते.

टक्केवारीचं म्हणाल तर मला आजवर ५ ते १० च्या दरम्यानच जास्त कोट आले आहेत. ऑर्डर मोठी आणि नेहमीची असेल तर ३ किंवा त्याखालीही येतात. लहान असेल तर टक्क्यांऐवजी किमान ठरावीक रक्कम मागतात, आणि ते रास्त आहे, कारण १,००० डॉलरच्या ऑर्डरला आणि १०,००० च्या ऑर्डरला धावपळ जवळपास सारखीच लागते. पण टक्के कशावर, हे स्पष्ट करून घ्या. फक्त मालाच्या किमतीवर, की कारखान्यापासून बंदरापर्यंतचं भाडं, साच्याचा खर्च आणि जहाजाचं भाडं धरून? साच्याचा खर्च एकदाच होतो, त्यावर कमिशन का द्यायचं, हे मी प्रत्येक वेळी विचारते. बहुतेक जण सोडून देतात.

टक्केवारीत एक मूळचीच अडचण आहे. समजा २०,००० डॉलरची ऑर्डर आहे आणि एजंटाने भांडून भाव १८,००० वर आणला. तुमचे २,००० वाचले, त्याचे ५ टक्क्यांनी १०० कमी झाले. चांगला एजंट तरीही भांडतो, कारण त्याला तुमची पुढची ऑर्डर हवी असते. पण एकदाच माल घेणाऱ्या गिऱ्हाइकासाठी तो तेवढं करेलच असं नाही. म्हणून ज्यांना एखादी वस्तू शोधून फक्त तीन-चार कारखान्यांचे भाव आणि नमुने हवे असतात, त्यांनी ठरलेली एकरकमी फी द्यावी, असं माझं मत आहे. काही एजंट ही फी पुढे ऑर्डर दिली तर कमिशनमधून वळतीही करतात. महिन्याच्या पगारासारखी फी घेणारेही असतात, पण दर महिन्याला माल हलत नसेल तर ती परवडत नाही.

आता ‘फी नाही’वाल्याबद्दल. त्याचंही घर चालायचंच. तो एक तर भावात स्वतःचा नफा मिळवतो, नाहीतर कारखान्याकडून घेतो. तिसरा रस्ता कर-परताव्याचा. चीनमध्ये बहुतेक मालावर १३ टक्के व्हॅट आहे आणि निर्यात करणाऱ्या कंपनीला त्यातला काही भाग किंवा पूर्ण व्हॅट, मालाच्या प्रकाराप्रमाणे, परत मिळतो. एजंटाच्या कंपनीच्या नावावर निर्यात झाली तर परतावा तिला. यात लबाडी असतेच असं नाही. फक्त तो एजंट नाही, व्यापारी आहे, असं धरून चाला. मग त्याचा नफा किती हे विचारू नका. माल तुमच्या दारात एकूण कितीला पडतो, एवढीच तुलना करा.

मला खरी भीती कारखान्याकडून मिळणाऱ्या पैशाची वाटते. चिनीत त्याला हुईकोउ म्हणतात. रकमेपेक्षा त्याचा परिणाम वाईट. माल खराब निघाला की ज्याने तुमच्या बाजूने आवाज चढवायचा तो मवाळ होतो. ‘एवढं चालतं’, ‘पुढच्या वेळी बघू’ अशी वाक्यं एजंटाच्या तोंडून यायला लागली की मी कारखाना बदलायला सांगते आणि तो किती कां-कूं करतो ते पाहते. करारात साधं वाक्य घाला: विक्रेत्याकडून कोणत्याही रूपात मोबदला घेणार नाही, घेतल्याचं आढळलं तर तो आम्हाला परत करावा लागेल. तेवढ्याने कुणी थांबेलच असं नाही, पण सही करताना समोरचा किती आढेवेढे घेतो यावरून बरंच कळतं.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, ती सीमाशुल्काची. जागतिक व्यापार संघटनेच्या सीमाशुल्क मूल्यांकन कराराच्या कलम ८ प्रमाणे विक्रीचं कमिशन आणि दलाली मालाच्या मूल्यात मिळवून त्यावर शुल्क लागतं, पण खरेदीचं कमिशन, म्हणजे परदेशात तुमच्या वतीने खरेदी करणाऱ्या तुमच्या एजंटाला तुम्ही दिलेली फी, त्यात मिळवत नाहीत. ही सवलत मिळायची तर तो खरोखर तुमचाच एजंट आहे हे कागदावर दिसावं लागतं: लेखी करार, कारखान्याचं बिल तुमच्या नावाने, फीचं बिल वेगळं. कमिशन मालाच्या भावात मिसळलेलं असेल तर त्यावरही तुम्ही शुल्क भरत राहता. तुमच्या कस्टम्स एजंटाला पहिल्या ऑर्डरच्या आधीच हे विचारा, नंतर कागद बदलता येत नाहीत.

तुमच्या दोघांना एकच वस्तू, एकच नगसंख्या द्या आणि कारखान्याचा भाव त्याच्या चलनात, दर, कमिशन, तपासणी आणि बंदरापर्यंतचं भाडं असं वेगवेगळं लिहून मागा. पाच टक्केवाल्याने ते दिलं आणि ३० टक्के आगाऊ, ७० टक्के माल निघण्याआधी असे पैसे थेट कारखान्याच्या खात्यात भरू दिले, तर मी त्याच्याकडे जाईन. खात्याचं नाव आणि बिलावरचं नाव एकच आहे ना, तेवढं बघून घ्या. दुसरा हे देणार नाही. ऑर्डर दोन-तीन हजार डॉलरची असेल तर त्याच्याकडूनही घ्यायला माझी हरकत नाही. दोघांपैकी कुणाकडूनही घ्या, माल निघण्याआधीची तपासणी मात्र एजंटाच्या माणसाकडून करून घेऊ नका. तपासणी करणाऱ्या वेगळ्या कंपन्या माणसाच्या एका दिवसाच्या हिशेबाने पैसे घेतात, त्यांना तुम्ही स्वतः नेमा आणि अहवाल आधी तुमच्याकडे येऊ द्या. शिल्लक ७० टक्के तो वाचल्यावरच भरा.