जीनोममध्ये ऑल्ट-टॅब दुसऱ्या वर्कस्पेसवरच्या विंडो दाखवत नाही: उत्तर

चार वर्कस्पेस (विंडो वेगवेगळ्या ठेवायचे आभासी पडदे) उघडी, ऑल्ट-टॅब दाबलं की फक्त समोरच्याच वर्कस्पेसवरच्या विंडो दिसतात, सेटिंग्जमध्ये ‘सगळ्या वर्कस्पेसवरची ॲप्स’ निवडलं तरी फरक शून्य, आणि शॉर्टकट रीसेट करूनही जैसे थे. तुमचं हे वर्णन वाचलं आणि जुनं दुखणं लगेच ओळखलं. तुम्ही जीनोम (लिनक्सवरचा एक डेस्कटॉप) वापरता असं लिहिलंय, म्हणून उत्तर जीनोमपुरतंच देतो. बाकीच्या डेस्कटॉपबद्दल शेवटी दोन-चार ओळी आहेत. शॉर्टकट कुठे बदलायचे हे तुम्हाला माहीत आहे, ते परत सांगत बसत नाही.

मुळात तुमचा शॉर्टकट बिघडलेलाच नाही. ऑल्ट-टॅब दाबल्यावर स्विचर, म्हणजे उघड्या विंडोंची पट्टी, उघडतोय ना? मग कीबोर्डची की आपलं काम करते आहे. स्विचरने कुठल्या विंडो यादीत घ्यायच्या हे ठरवणारा फिल्टर वेगळा असतो आणि घोळ तिथे आहे.

जीनोममध्ये असे स्विचर दोन आहेत. एक ॲप्सचा, एक विंडोंचा. दोघांच्या सेटिंग्ज स्वतंत्र, आणि दोन्हीकडे ‘करंट-वर्कस्पेस-ओन्ली’ याच नावाची एक-एक की, म्हणजे सेटिंगची नोंद, आहे. गंमत म्हणजे त्यांची डिफॉल्ट मूल्यं एकमेकांच्या बरोबर उलट आहेत: ॲप स्विचरला फॉल्स, म्हणजे सगळी वर्कस्पेस दिसतात, विंडो स्विचरला ट्रू, म्हणजे फक्त चालू वर्कस्पेस.

तुमच्या ऑल्ट-टॅबवर दोघांपैकी कोण बसलाय हे नुसतं बघून कळतं. ऑल्ट धरून ठेवा आणि टॅब एकदाच दाबा. प्रत्येक ॲपचं एकच मोठं चिन्ह, खाली ॲपचं नाव आणि एकाहून जास्त विंडो असतील तिथे चिन्हाखाली छोटा बाण, असं दिसलं तर तो ॲप स्विचर. प्रत्येक विंडोचं लहानसं चित्र, त्याच्या कोपऱ्यात ॲपचं चिन्ह आणि खाली त्या विंडोचं पूर्ण शीर्षक दिसलं तर तो विंडो स्विचर. तुमच्या वर्णनावरून दुसराच असणार.

आता हे होतं कसं ते बघा, कारण बहुतेक सगळे याच वाटेने इथे येऊन पोचतात. सुरुवातीला ॲप स्विचर असतो. टर्मिनलची एक विंडो इथे, एक तिसऱ्या वर्कस्पेसवर. टर्मिनल निवडलं की शेवटी वापरलेली विंडो समोर येते, आणि ती तिसऱ्यावर असेल तर आपण उचलले जाऊन तिकडे. याला वैतागून माणूस शोधतो आणि जिथे-तिथे एकच सल्ला सापडतो: ऑल्ट-टॅब ‘स्विच विंडोज’ला लावा. सल्ला चांगला आहे, मीही तोच देईन. पण त्याबरोबर फिल्टर बदलावा लागतो हे सहसा कुणी सांगत नाही. ऑल्ट-टॅब विंडो स्विचरकडे गेला, त्याचा फिल्टर डिफॉल्टने ट्रू, आणि बाकीच्या वर्कस्पेसवरच्या विंडो यादीतून गायब. माणसाला वाटतं शॉर्टकट बिघडला.

मग तो सेटिंग्जमधल्या मल्टिटास्किंगच्या पानावर जातो. तिथे ‘ॲप स्विचिंग’ या मथळ्याखाली सगळ्या वर्कस्पेसवरची ॲप्स की फक्त चालू वर्कस्पेसवरची, असे दोन पर्याय असतात. ते बदलून काही होत नाही, कारण ते फक्त ॲप स्विचरचा फिल्टर बदलतात. विंडो स्विचरचा फिल्टर त्या पानावर नाहीच. माझ्या मते ही जीनोमची सरळसरळ उणीव आहे. दोन्ही फिल्टर शेजारी-शेजारी असते तर हा प्रश्न निम्म्या लोकांनी विचारलाच नसता.

उपाय एका ओळीचा आहे. टर्मिनलमध्ये: जीसेटिंग्ज सेट ऑर्ग.जीनोम.शेल.विंडो-स्विचर करंट-वर्कस्पेस-ओन्ली फॉल्स. इथे नागरीत लिहिलंय, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायचं, सगळी अक्षरं छोटी, टिंबं आणि हायफन जिथल्या तिथे. टर्मिनल नको असेल तर डीकॉन्फ एडिटर (जीनोमच्या सेटिंग्जचा डेटाबेस उघडून दाखवणारं ॲप) बसवा आणि ऑर्ग, जीनोम, शेल, विंडो-स्विचर अशा क्रमाने आत जाऊन तीच की बंद करा. बदल त्या क्षणी लागू होतो, लॉगआउट करायची गरज नाही. ऑल्ट-एस्केपने पॉपअपशिवाय थेट विंडो फिरवणारा शॉर्टकट आहे ना, तोही हाच फिल्टर वापरतो, त्यामुळे तोही बरोबरच सुधारतो. एकाच ॲपच्या विंडोंमध्ये फिरणारा, म्हणजे ऑल्ट आणि टॅबच्या वरची की, हा मात्र ॲप स्विचरच्या फिल्टरवर चालतो.

आता त्या रीसेटबद्दल, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं.

रीसेट केल्यावर की आपल्या डिफॉल्ट मूल्यावर जाते. विंडो स्विचरचं डिफॉल्ट काय? ट्रू. म्हणजे तुम्हाला नको असलेलीच स्थिती. हजार वेळा रीसेट करा, दरवेळी ती इमानेइतबारे तिथेच परत जाईल. तुम्ही फक्त शॉर्टकट रीसेट केलेत ते एकवेळ ठीक. पण याच तक्रारीवर ‘डीकॉन्फ रीसेट’ला बळजबरीचा पर्याय लावून पुढे नुसता एक स्लॅश देणारी आज्ञा सर्रास सुचवली जाते. तो एकटा स्लॅश म्हणजे अख्खा डेटाबेस. टर्मिनलचे प्रोफाइल, कीबोर्डचे लेआउट, एक्स्टेन्शनच्या सेटिंग्ज, स्वतः बनवलेले सगळे शॉर्टकट, फाइल मॅनेजरच्या आवडीनिवडी, सगळं साफ. पुष्टी विचारत नाही, परतीची सोय नाही. काही मदतकक्षांचं तर हे ठरलेलं उत्तर आहे. एकाचं नाव घेण्याचा मोह होतोय, पण घेत नाही: तिकिटात ‘शॉर्टकट’ हा शब्द दिसला की प्रश्न न वाचता ‘प्रोफाइल रीसेट करा, नाही जमलं तर नवीन युजर बनवा’ असं चिकटवायचं आणि तिकीट बंद करायचं. नवीन युजरमध्येही डिफॉल्ट ट्रूच असणार, हे एकालाही सुचत नाही.

काहीही पुसायच्या आधी डीकॉन्फ डंप ही आज्ञा चालवून ऑर्ग, जीनोम एवढा भाग एका फाइलमध्ये काढून ठेवा. पाथच्या शेवटी स्लॅश हवाच, नाहीतर आज्ञा तक्रार करते. परत भरताना तोच पाथ देऊन डीकॉन्फ लोड. ही फाइल साधा मजकूर असते, हव्या त्या चार ओळी निवडून भरता येतात. आणि रीसेट करायचंच असेल तर त्या एका कीचं करा, जीसेटिंग्ज रीसेट वापरून.

आज्ञा चालवली पण काहीच झालं नाही, तर आधी बघा पुढे सुडो (ॲडमिन म्हणून आज्ञा चालवणारा शब्द) लावलं होतं का. सुडोने चालवलं की बदल रूटच्या सेटिंग्जमध्ये जातो, तुमच्यात नाही, आणि चुकीचा संदेश येईलच असंही नाही. दुसरं कारण म्हणजे ऑफिसचं मशीन. ॲडमिनने डीकॉन्फमध्ये ती की लॉक केलेली असू शकते. जीसेटिंग्ज रायटेबल आणि पुढे तेच स्कीमा (‘ऑर्ग’ने सुरू होणारं नाव) व कीचं नाव दिलं, आणि उत्तर फॉल्स आलं, तर घरगुती उपाय संपले. ती की कुलूपबंद आहे एवढं एक वाक्य ॲडमिनला लिहा. ‘ऑल्ट-टॅब चालत नाही’ असं लिहिलंत तर वर सांगितलेलं उत्तर येईल.

शॉर्टकट हाताने लावताना आणखी एक खाच आहे. मूळ जीनोममध्ये ‘स्विच-ॲप्लिकेशन्स’ला दोन जोड्या लावलेल्या असतात, सुपर-टॅब (सुपर म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेली की) आणि ऑल्ट-टॅब, पण सेटिंग्जच्या पानावर त्यातली सुपर-टॅब एवढीच दिसते. ऑल्ट-टॅब मोकळं आहे असं वाटतं, ते असतं मात्र व्यापलेलं. टर्मिनलमधून तेच ऑल्ट-टॅब ‘स्विच-विंडोज’लाही दिलंत तर एकाच जोडीवर दोन दावेदार होतात. म्हणून आधी पहिल्याची यादी फक्त सुपर-टॅबवर आणा, मग दुसऱ्याला ऑल्ट-टॅब द्या. या कीज ऑर्ग.जीनोम.डेस्कटॉप.डब्ल्यूएम.कीबाइंडिंग्ज मध्ये आहेत आणि मूल्य यादीच्या रूपात लिहायचं असतं: ['<ऑल्ट>टॅब'] असं, बाहेर चौकोनी कंस, आत एकेरी अवतरण. उलट दिशेसाठी ‘बॅकवर्ड’ शेपटीची वेगळी की असते, तिला शिफ्टसह जोडी द्यायला विसरू नका. वितरणं आपापले डिफॉल्ट बदलतात, तेव्हा तुमच्याकडे सध्या काय आहे ते जीसेटिंग्ज गेटने बघूनच हात घाला.

माझी स्वतःची मांडणी अशी: ऑल्ट-टॅबवर विंडो स्विचर, फिल्टर फॉल्स, म्हणजे सगळीकडच्या विंडो, सुपर-टॅबवर ॲप स्विचर, फिल्टर ट्रू, म्हणजे फक्त इथली ॲप्स. दोघांचे डिफॉल्ट नेमके उलटे केले की ‘कुठेही जा’ आणि ‘इथेच राहा’ या दोन्ही गोष्टी दोन वेगळ्या बोटांवर येतात. हे मत आहे, नियम नाही. वर्कस्पेस कामानुसार काटेकोर वेगळी ठेवणाऱ्यांना उलटं आवडेल. विंडो खूप असतील तर विंडो स्विचरमधली ‘ॲप-आयकन-मोड’ ही कीही बघून ठेवा. डिफॉल्टला चित्र आणि चिन्ह दोन्ही असतात, फक्त चिन्ह ठेवलं की पट्टी सुटसुटीत होते.

सुपर आणि आकड्याने थेट वर्कस्पेसवर जायचं असेल तर तिथेही दावेदार आधीच बसलेला असतो. सुपर-1 ते सुपर-9 हे डॅशमधली, म्हणजे आवडत्या ॲप्सच्या पट्टीवरची, ॲप्स उघडायला वापरले जातात. ऑर्ग.जीनोम.शेल.कीबाइंडिंग्ज मधल्या ‘स्विच-टू-ॲप्लिकेशन’ च्या हव्या तितक्या कीज रिकाम्या करा, मगच ‘स्विच-टू-वर्कस्पेस’ लावा. उबुंटूचा डॉक असेल तर त्याची स्वतःची ‘हॉट-कीज’ सेटिंगही बंद करावी लागते, ती राहिली की सगळं बरोबर करूनही सुपर-2 ॲपच उघडतं. शिवाय वर्कस्पेसची संख्या डायनॅमिक असेल तर मधलं रिकामं झालेलं वर्कस्पेस नाहीसं होतं आणि पुढच्यांचे नंबर सरकतात. आकड्यांनी फिरणाऱ्याने मल्टिटास्किंगमध्ये संख्या निश्चित करून टाकावी.

दुसरा मॉनिटर जोडलेला असेल तर फिल्टर तपासताना गफलत होते. वर्कस्पेस फक्त मुख्य डिस्प्लेवर, असा पर्याय चालू असताना दुसऱ्या मॉनिटरवरच्या विंडो सगळ्याच वर्कस्पेसवर आहेत असं धरलं जातं. त्या स्विचरमध्ये कायम दिसणार, फिल्टर काहीही असो. चाचणी मुख्य मॉनिटरवरच्या विंडोंवरच करा.

व्हर्च्युअल मशीन किंवा रिमोट डेस्कटॉपच्या विंडोत ऑल्ट-टॅब आतल्या आतच फिरत असेल तर तो वेगळा मामला. वेलँडवर (पडद्यावर विंडो दाखवणारी लिनक्सची नवी यंत्रणा, जुनी ती एक्स११) अशी ॲप्स सिस्टिमचे शॉर्टकट अडवायची परवानगी मागतात, आणि आपण पहिल्या दिवशी वाचल्याशिवाय ‘परवानगी द्या’ दाबलेलं असतं. सुपर-एस्केप दाबलं की शॉर्टकट परत जीनोमकडे येतात.

जुन्या पानांवरचे उपाय जपून वापरा. डब्ल्यूएमकंट्रोल आणि एक्सडूटूल या विंडो हाताळणाऱ्या साधनांवर बेतलेल्या स्क्रिप्ट एक्स११ साठी आहेत, वेलँडच्या मूळ विंडो त्यांना दिसतच नाहीत. कॉम्पिझ या जुन्या विंडो मॅनेजरच्या सेटिंग्जचा जीनोम शेलशी संबंध नाही. 2021 च्या जीनोम 40 पासून वर्कस्पेस आडवी झाली, त्यामुळे कंट्रोल-ऑल्टसह वर-खाली बाण सांगणारं पान त्याआधीचं समजा. आता डावा-उजवा बाण. ऑल्ट-टॅबचा चेहरा बदलणारं एखादं एक्स्टेन्शन बसवलं असेल तर ते स्वतःचा फिल्टर वापरू शकतं. चाचणीपुरती सगळी एक्स्टेन्शन बंद करा.

बाकीच्यांसाठी: केडीई प्लाझ्मामध्ये विंडो मॅनेजमेंटखाली टास्क स्विचर, तिथे व्हर्च्युअल डेस्कटॉपच्या फिल्टरवरची टिक काढा. ‘मेन’ आणि ‘ऑल्टर्नेटिव्ह’ असे दोन टॅब वेगवेगळ्या फिल्टरने वापरता येतात, जीनोमपेक्षा ही सोय कितीतरी सरस. फक्त दुसऱ्याला मेटा-टॅब देताना ते ॲक्टिव्हिटींकडे आहे का बघा. एक्सएफसीईमध्ये विंडो मॅनेजर ट्वीक्स, सायकलिंग, आणि इतर वर्कस्पेसवरच्या विंडो घेण्याची टिक. विंडोज 11 मध्ये सिस्टिम, मल्टिटास्किंग, डेस्कटॉप्स. तिथे टास्कबार आणि ऑल्ट-टॅब यांचे पर्याय वेगवेगळे आहेत, लोक वरचा बदलतात आणि खालचा तसाच राहतो.

एवढं करूनही जमलं नाही तर जीनोमची आवृत्ती, वेलँड की एक्स११, आणि दोन्ही स्विचरच्या ‘करंट-वर्कस्पेस-ओन्ली’वर जीसेटिंग्ज गेट काय उत्तर देतं ते जसंच्या तसं इथे टाका. स्क्रीनशॉट नको, मजकूर टाका.