डीडीजीएसमधली २८ टक्के प्रथिनं आणि तुझी रसायनशास्त्राची पदवी

प्रश्न : मी बी.एससी. (रसायनशास्त्र) शेवटच्या वर्षाला आहे. मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणाऱ्या वाळवलेल्या चोथ्यात, म्हणजे डीडीजीएसमध्ये, २८ टक्के प्रथिनं असतात, असं वाचलं. मत्स्यखाद्यात फिशमीलऐवजी (वाळवलेल्या माशांच्या पुडीऐवजी) ते चालेल का? या क्षेत्रात येण्यासाठी मत्स्यविज्ञानाची पदवी पुन्हा पहिल्यापासून करावी लागेल का?

उत्तर : पदवी पुन्हा करू नकोस. खाद्य कारखान्याच्या प्रयोगशाळेत कच्च्या मालाची तपासणी करायला रसायनशास्त्रच लागतं. पण त्या २८ टक्क्यांशी आधी नीट ओळख करून घे, मुलाखतीत तिथेच अडवतील.

हा आकडा नायट्रोजनवरून येतो. केल्डाल पद्धतीने नायट्रोजन मोजायचा आणि ६.२५ ने गुणायचं. मालात कुणी युरिया मिसळला तरी आकडा फुगतो. माशाला लागतात प्रथिनं ज्यांची बनतात ती अमिनो आम्लं, आणि त्यातलं एक आवश्यक आम्ल, लायसिन, मक्यात मुळातच कमी.

हिशेब करून बघ. १०० किलो खाद्यातून ६० टक्के प्रथिनांचं १० किलो फिशमील काढलं, तर ६ किलो प्रथिनं गेली. ती भरून काढायला डीडीजीएस लागेल सुमारे २१.४ किलो. फिशमीलमध्ये लायसिन ४.५ टक्के धरलं तर ४५० ग्रॅम गेलं, डीडीजीएसमध्ये ०.८ टक्के, म्हणजे जेमतेम १७० ग्रॅम आलं. तूट २८० ग्रॅमची. बाजारातल्या लायसिन हायड्रोक्लोराइडमध्ये शुद्ध लायसिन ७८ टक्के असतं, म्हणून ते साधारण ३६० ग्रॅम घालावं लागेल.

खरी अडचण पुढे आहे. १० किलोच्या जागी २१ किलो आलं, तर ११ किलो दुसरं काहीतरी काढावं लागणार. ते बहुधा पिठूळ धान्य असतं. डीडीजीएसमधला स्टार्च किण्वनात आधीच संपलेला. मग स्टार्चअभावी एक्स्ट्रूडरमध्ये (खाद्य तापवून, दाबून गोळ्या काढणाऱ्या यंत्रात) गोळी फुगत नाही, तरंगण्याऐवजी बुडते किंवा पाण्यात लगेच विरघळते. कागदावर जमलेलं फॉर्म्युलेशन, म्हणजे खाद्याच्या मिश्रणाचं सूत्र, कारखान्यात फसतं ते असं.

स्टार्च गेला की उरलेलं सगळं जवळपास तिप्पट दाट होतं. प्रथिनं, तंतू, तेल आणि मक्यात असलेलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विषसुद्धा! म्हणून प्रत्येक लॉट तपासायचा. रंगही बघायचा : सोनेरी पिवळा माल बरा; गडद तपकिरी, जळकट वासाचा असेल तर वाळवताना जास्त तापलेला असतो आणि लायसिन साखरेशी बांधलं जाऊन माशाच्या उपयोगाचं राहत नाही. केल्डालला हे दिसत नाही.

माशांच्या जातीही सारख्या नाहीत. तिलापिया आणि कॅटफिश लायसिनची भर घातली तर २० ते ३० टक्के डीडीजीएस पचवतात. ट्राउटसारख्या मांसाहारी माशांच्या बाबतीत हात बराच आखडता ठेवावा लागतो. (मक्याच्या ग्लुटेनमध्ये ६० टक्के प्रथिनं असतात खरी, पण त्यातला पिवळा रंग माशाच्या पांढऱ्या मांसात उतरतो आणि गिऱ्हाईक नाक मुरडतं.)

आता तुझं. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प याच विषयावर घे. वेगवेगळ्या लॉटचे पाच-सहा नमुने मिळवून ओलावा, प्रथिनं, तेल, तंतू आणि राख मोज, रंगाची नोंद ठेव. मग एक-दोन वर्षं कच्च्या मालाच्या तपासणीत काम कर आणि त्यानंतर मत्स्यपोषण किंवा पशुपोषणात एम.एससी. प्रवेशाच्या अटी मात्र आजच वाचून ठेव. काही ठिकाणी जीवशास्त्र मागतात. पुढे फॉर्म्युलेशनकडे जाता येतं.

प्रकल्पात माशांवर चाचणी घ्यायची संधी मिळालीच, तर फिशमीलच्या आणि डीडीजीएसच्या अशा दोन्ही खाद्यांतली प्रथिनं आणि ऊर्जा सारखी ठेव, प्रत्येक खाद्याला किमान तीन टाक्या दे, आठ आठवडे चालव आणि न खाल्लेलं खाद्य काढून, वाळवून वजन कर. एकेका टाकीवर काढलेला निष्कर्ष परीक्षक पहिल्याच प्रश्नात मोडून काढतील.