नऊ ते एकचं टाइमटेबल आधी भिंतीवरून काढा

सहा वर्षांची मुलगी, तीन वर्षांचा मुलगा, त्यांना घरीच शिकवायला नऊ ते एक अभ्यास असं टाइमटेबल लावलंय आणि अकरापर्यंत कुणीतरी एक रडत असतं, बऱ्याचदा तुम्हीच, म्हणून कुणाकडे अजून पक्कं टाइमटेबल आहे का असं विचारलंय तुम्ही. माझ्याकडे नाही, आणि असतं तरी दिलं नसतं. आमची दोन्ही मुलं घरीच शिकतात आणि दिवसभर त्यांच्याबरोबर मीच असतो, बायको नोकरी करते. मोठी आता दहाची, धाकटा सहाचा, म्हणजे तुमच्याकडे आत्ता जे चाललंय ते आमच्याकडे होऊन गेलंय, त्या भरवशावर लिहितोय.

पहिलं म्हणजे चार तास कशाला? शाळेत एवढा वेळ लागतो कारण तिथे वर्गभर मुलं असतात, हजेरी घ्या, वह्या काढा, वह्या ठेवा, एकाचं होईपर्यंत बाकीच्यांनी थांबा. तुमच्यासमोर एकच मूल आहे. वाचणं, लिहिणं, आकडे असं खाली बसून करायचं सगळं मिळून तास-पाऊण तास तिच्या वयाला रग्गड झालं, आणि तेही सलग नाही. शार्लट मेसन म्हणून इंग्लंडमधल्या एक शिक्षणतज्ज्ञ होत्या (१८४२ ते १९२३), त्या तेव्हाच सांगून गेल्यात की लहान मुलांचा धडा १५-२० मिनिटांच्या वर ताणायचा नाही आणि सहाच्या आत तर रीतसर धडे नकोतच. फिनलंडमध्ये आजही मूल ज्या वर्षी ७ वर्षांचं होतं त्या वर्षी शाळा सुरू होते. तेव्हा मुलगी मागे पडतेय ही धाकधूक जरा बाजूला ठेवा.

घड्याळ नको, फक्त क्रम ठेवा. सकाळचं आवरलं की गोष्ट, गोष्ट झाली की टेबलावरचा अभ्यास, तो झाला की बाहेर. एखाद्या दिवशी कुणी उशिरा उठलं, कुणाला ताप आला तरी क्रम फक्त पुढे सरकतो, मोडत नाही. साडेनऊला गणित असं लिहिलेलं असलं की पावणेदहालाच दिवस वाया गेल्यासारखं वाटायला लागतं.

आता तुम्ही लिहिलंय त्यावरून मला वाटतं की तुमची अडचण मुलीची नाहीच, धाकट्याची आहे. आपण काय करतो, त्याला कशात तरी गुंतवून तिला शिकवायला बसतो, आणि तो पाच मिनिटांत तिच्या वहीवर. उलटं करून बघा, आधी त्याला वेळ द्या, पंधरा मिनिटं, फोन लांब ठेवून, फक्त त्याच्याबरोबर, तो म्हणेल ते. पोट भरलेलं मूल आणि लक्ष मिळालेलं मूल दोन्ही जरा वेळ आपल्याआपण खेळतात. मग एक खोकं काढायचं जे ताई लिहायला बसली की'च' बाहेर येतं, एरवी माळ्यावर. कपड्यांचे चिमटे, झाकणाच्या रिकाम्या बाटल्या, जुनी कुलपं-किल्ल्या, एवढंच. त्यातल्या दोन वस्तू दर आठवड्याला बदलायच्या. आणि त्यालाही एक वही द्या, "माझा अभ्यास" करायचा असतो त्यांना, गिरगिटू देत.

मुलगी ४७ ला ७४ लिहिते म्हणून तुम्ही घाबरलायत, घाबरू नका, आपल्याकडे हे व्हायचंच. सत्तेचाळीस म्हणताना कानाला सात आधी ऐकू येतात आणि लिहिताना चार आधी लिहायचा, पोरांनी करायचं काय! वहीत वीस वेळा लिहायला लावून ते जात नाही. आइस्क्रीमच्या काड्या घ्या, दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून तिलाच बांधू दे (हे बांधण्यातच अर्धं गणित होतं), मग सत्तेचाळीस म्हटलं की चार गठ्ठे डावीकडे, सात सुट्या उजवीकडे, आणि त्यांच्याच खाली आकडे. एकोणपन्नासला तर मजाच येते, ऐकू येतं पन्नास आणि गठ्ठे चारच. तिथे एक काडी हातात द्यायची आणि म्हणायचं ही घातली की किती होतील बघ. एकदा का एकोण म्हणजे एक कमी हे काड्यांत दिसलं की एकोणतीस, एकोणचाळीस सगळे आपोआप सुटतात. बरेच दिवस लागतील, लागू देत.

वाचनाला अख्खी बाराखडी पाठ व्हायची वाट बघू नका. घर, नळ, बस, गवत असे बिनकान्याचे शब्द लगेच वाचता येतात, मग काना, मग वेलांट्या, जोडाक्षरं सगळ्यात शेवटी. आणि ती स्वतः वाचायला लागली तरी तुम्ही मोठ्याने वाचून दाखवणं थांबवू नका, धाकटा त्यातच शिकतो.

मुलं शाळेत का नाहीत म्हणून विचारणाऱ्या नातेवाइकांचं म्हणाल तर वाद घालू नका. चित्रं, लिहिलेले कागद, सगळ्याच्या मागे पेन्सिलने तारीख टाकून एका खोक्यात टाकत जा, कुणी फार खोदून विचारलं की खोकं पुढे करायचं, आणि मार्चचे आणि एप्रिलचे कागद शेजारी शेजारी ठेवले की तुमचीही खात्री पटते. मित्रमैत्रिणींची काळजी या वयात एवढी नको, आठवड्यातून दोनदा तीच ती मुलं खेळायला भेटली तरी पुष्कळ. कायद्याचं तुम्ही विचारलं नाहीये पण देश बदलायचा विचार असेल तर आधी तिथले नियम बघा, जर्मनीत घरी शिकवायला सहसा परवानगीच मिळत नाही.

आणि शेवटचं, तुमच्या स्वतःच्या रडण्याबद्दल. जेवणानंतर तासभर सगळ्यांनी आपापल्या कोपऱ्यात, धाकटा झोपला तर उत्तम, मोठीने पुस्तक घ्यावं, रंगवावं, नुसतं छताकडे बघत लोळावं, पण आईशी बोलायचं नाही. पहिले काही दिवस ती दर पाच मिनिटांनी "झाला का तास" म्हणून येईल, न चिडता परत पाठवायचं, महिन्याभरात अंगवळणी पडतं. त्या तासात तुम्ही भांडी घासायची नाहीत, कपड्यांच्या घड्या घालायच्या नाहीत आणि उद्याच्या अभ्यासाची तयारीही करायची नाही.