उपग्रह हवा, पण एरोस्पेसच कशाला?

मुलुंडहून एका आईचं पत्र आहे. मुलगी बारावी सायन्सला. उपग्रहांमधला एखादा दुवा तुटला तर बोलणं दुसऱ्या वाटेनं कसं जातं, हे तिच्या डोक्यात बसलंय. त्यातच काम करायचं म्हणते. वडील म्हणतात, मग एरोस्पेसच हवं, आणि आयआयटी हुकली तर सगळं मुसळ केरात.

ताई, मुसळ अजून जागेवर आहे. लेकीचा प्रश्न रॉकेटचा नाही, वाट शोधण्याचा आहे.

इरिडियमचं, म्हणजे सॅटेलाइट फोन चालवणाऱ्या उपग्रहांचं जाळं घ्या. सुमारे ७८० किलोमीटर उंचीवर ६६ उपग्रह, सहा कक्षांत अकरा-अकरा. बहुतेकांचे चार शेजाऱ्यांशी दुवे: पुढचा, मागचा आणि दोन बाजूंचे. सगळे फिरते, त्यामुळे शेजार बदलत राहतो. पण तो मेगाब्लॉकसारखा, आधीच ठाऊक. वाटांची तयारी करून ठेवता येते.

बिघाड म्हणजे कुर्ला-शीवमध्ये भरलेलं पाणी. १० फेब्रुवारी २००९ ला इरिडियम ३३ वर एक निकामी रशियन उपग्रह आदळला. जाळ्याला भोक पडलं, पण जाळं बंद पडलं नाही. वाहतूक इतर उपग्रहांवरून वळवली, पुढे राखीव उपग्रह त्या जागी आणला.

वळवणं ऐकायला सोपं. पाणी भरलं की तुम्ही घाटकोपरला उतरून मेट्रोनं अंधेरी गाठता. पण सगळ्या गाडीनं तेच केलं तर? मेट्रोच्या जिन्यावरच चेंगराचेंगरी. शिवाय बातमी सगळीकडे एकदम पोचत नाही. घाटकोपरचा म्हणतो कुर्ल्याहून जा, कुर्ल्याचा म्हणतो घाटकोपरहून जा, आणि माणूस मधेच फेऱ्या मारतो. जाळ्यातला संदेशही असाच गोल फिरत राहतो. खरी मेहनत इथे आहे.

आणि ती शिकवतात कॉम्प्युटर आणि एक्स्टीसीला (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन). दोन्ही शाखा माटुंग्याला व्हीजेटीआयमध्ये आहेत, सीईटीवर मिळतात. वाटांचंच वेड असेल तर कॉम्प्युटर. अँटेना-सिग्नल आवडत असतील तर एक्स्टीसी. इस्रोच्या वैज्ञानिक-अभियंता भरतीतही इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरवाल्यांना जागा असतात, हे बाबांना जरूर सांगा. गणिताचा कंटाळा मात्र चालणार नाही.

परीक्षा झाली की तिला पायथनमध्ये ६६ ठिपके जोडायला लावा. डाएक्स्ट्राच्या पद्धतीनं जवळची वाट काढायची, मग संदेश अर्ध्यावर असताना एक दुवा तोडायचा. हा गुंता रात्री जेवणाच्या हाका येईपर्यंत सुटला नाही आणि तरी ती उठली नाही, तर शाखेचा फॉर्म तिलाच भरू द्या.