दुबईतल्या हॉटेलात ड्युटी मॅनेजर म्हणून यावं का?

पुण्यात आठ वर्षं फ्रंट ऑफिसला काढलीत, आता दुबईच्या फाइव्ह स्टारमधून ड्युटी मॅनेजरची ऑफर आली आहे. बायको आहे, दुसरीतली मुलगी आहे आणि दहा वर्षांत जनरल मॅनेजर व्हायचंय. यावं का, असं विचारलंत. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा होणार होतो, पण तुमचा प्रश्न दोन दिवस डोक्यातून गेला नाही.

व्हिसा, मेडिकल, एमिरेट्स आयडी म्हणजे इथलं ओळखपत्र, यांबद्दल लिहीत नाही. ते सरकारी संकेतस्थळांवर आहे, आणि तसंही हॉटेलचा पीआरओ, म्हणजे सरकारी कामं बघणारा माणूस, करून घेतो. एचआरला आधी हे विचारा: सिंगल स्टेटस की फॅमिली स्टेटस, म्हणजे सोयी फक्त तुमच्या की कुटुंबाच्याही? कुटुंबाला स्पॉन्सर करायला ४,००० दिरहम पगार, किंवा ३,००० आणि राहायला घर, एवढं पुरतं. पण व्हिसा मिळणं निराळं आणि परवडणं निराळं. ड्युटी मॅनेजर बहुतेक ठिकाणी सिंगल स्टेटसवरच असतो. म्हणजे स्टाफ अकोमोडेशन, ड्युटी मील आणि स्वतःचं एक तिकीट. घरभाडं, शाळेची फी, बायकोमुलांची तिकिटं हे सहसा विभागप्रमुख झाल्यावर.

दुसरं, बेसिक म्हणजे मूळ पगार बघा. एकूण पगार १०,००० दिरहम आणि त्यात बेसिक ४,००० असेल तर ग्रॅच्युइटी ४,००० वरच धरतात. पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचा बेसिक, म्हणजे २,८०० दिरहम. त्यापुढे ३० दिवसांचा. ऑफर लेटरवरचा मोठा आकडा बघून आईला फोन लावण्याआधी एवढं गणित करा.

कागदपत्रं. यावर मी रात्रभर बोलू शकतो. माझ्या डिग्रीवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा. ते तरी निभावलं. पण बायकोची डिग्री माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या नावाने, आणि विवाह दाखल्यावर तिच्या वडिलांच्या नावात एक अक्षर जास्त! राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईची वकिलात आणि शेवटी इथलं परराष्ट्र मंत्रालय, अशी कागद खरे असल्याच्या शिक्क्यांची वारी असते. एका अक्षरापायी दाखला नवा काढायचा, की पुन्हा पहिल्यापासून रांग. मी नेमलेला एजंट दर सोमवारी 'साहेब, परवा नक्की' म्हणायचा. त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

आता शाळा. हॉटेलं थंडीच्या सीझनसाठी माणसं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरतात, आणि इथल्या सीबीएसई शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात. फॅमिली स्टेटस मिळाल्यावर माझी मुलगी आली ती जानेवारीत, चौथी अर्धवट सोडून. शाळेने सांगितलं, एप्रिलमध्ये या, पुन्हा चौथीत. दाखल्यावर शिक्के नव्हते हे एक कारण, जागा नाही हे दुसरं. तीन महिने ती घरात बसून खिडकीतून शाळेच्या बसेस बघायची, मी रिसेप्शनवर दुसऱ्यांच्या मुलांना फुगे द्यायचो. आता ती कॉलेजात आहे, वर्गात सगळ्यांत मोठी. तिला त्याचं काही नाही. मला मात्र त्या प्रिन्सिपलबाईंचं 'रूल इज रूल' आजही पचलेलं नाही. तुमच्या मुलीची वार्षिक परीक्षा होऊ दे, मगच आणा. एक गोष्ट मात्र जुळते: जुलै-ऑगस्टमध्ये शाळेला सुट्टी आणि हॉटेलात मंदी, त्यामुळे रजा तेव्हाच मिळते. दिवाळीला विसरा.

करिअरचं बोलतो. ड्युटी मॅनेजर हे पद फसवं आहे. रात्रभर तक्रारी, ओव्हरबुकिंग झालं की गेस्टला दुसऱ्या हॉटेलात पाठवायचं, सकाळी लॉगबुक भरायचं. त्यात माणूस हुशार ठरतो आणि तिथेच राहतो. वर जातात ते पैशाजवळ बसलेले. ऑक्युपन्सी, म्हणजे भरलेल्या खोल्या, ८० टक्के, सरासरी दर ५०० दिरहम, म्हणजे रेव्हपार (दर उपलब्ध खोलीमागचं उत्पन्न) ४००, हे कुणीही सांगेल. दर ६०० केला, ऑक्युपन्सी ७० वर आली, रेव्हपार ४२०. मग खोल्या कमी साफ कराव्या लागल्या, तर जीओपीत, म्हणजे हॉटेल चालवायचा खर्च जाऊन उरणाऱ्या ढोबळ नफ्यात, किती फरक पडला? हे ज्याला सांगता येतं त्याला मीटिंगला बोलावतात. सहा महिन्यांत रेव्हेन्यूमध्ये, म्हणजे खोल्यांचे दर ठरवणाऱ्या विभागात, क्रॉस ट्रेनिंग मागा, पगारवाढीच्या आधी मागा. नवीन हॉटेलच्या प्री-ओपनिंगला माणसं लागत असतील तर हात वर करा. तिथे हेलपाटे भयंकर, पण बजेट कसं बनतं ते दिसतं.

आणि हे कुठलंही कॉलेज शिकवत नाही: दारावर पाटी ब्रँडची असते, इमारत बहुतेक वेळा मालकाची. ब्रँड मॅनेजमेंट कॉन्ट्रॅक्टवर हॉटेल चालवतो, उत्पन्नावर बेस फी आणि नफ्यावर इन्सेंटिव्ह फी घेतो. जनरल मॅनेजर निवडताना अनेकदा मालकाची संमतीही लागते. मी ज्या हॉटेलात ऑपरेशन्स बघत होतो तिथे ब्रँडने माझं नाव पुढे केलं होतं. मालकाकडून उत्तर आलं, 'थोडा वेगळा प्रोफाइल हवा.' जो आला त्याला जीओपी मीच समजावला, पहिल्या आठवड्यात. पासपोर्टचा रंग असं कुणी म्हणत नाही. म्हणायची गरज नसते.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. शिफ्ट संपली की झोप येते. पुढे.

मग मी परत का गेलो नाही? भारतात माझी ओळख असलेले लोक आता निवृत्त झालेत, आणि इथल्या पदाला तिथे कुणी त्याच पायरीवर बसवत नाही. चौकशी केली होती, एक पायरी खाली म्हणाले. बायको म्हणाली जाऊ या. मी अजून उत्तर दिलेलं नाही. तुम्हाला 'या' म्हणतोय हे तिला सांगितलं तर हसेल.

तरी या म्हणेन, पण आधी एकटे. दोन वर्षांत फॅमिली स्टेटसच्या ग्रेडपर्यंत पोचायची वाट काय, हे एचआरकडून ईमेलवर लेखी घ्या. फोनवरचं धरू नका. पुण्याचा राजीनामा एंट्री परमिट हातात आल्यावरच द्या. आणि विवाह दाखल्यावरची सगळी नावं आज रात्रीच पासपोर्टशी ताडून बघा.